मोतीरामचं पास झालेलं वादळ

माझा भाऊ मोतीराम नाशकात बसून समुद्रातली वादळं सांगायचा. हसा, आधी पोटभर हसून घ्या. मी त्याची सख्खी मोठी बहीण, कुसाबाई. मखमलाबादला झेंडू आन् टमाटे तोडता तोडता माझं आयुष्य गेलं, मी पण लय हसले. समुद्र कुठं, आम्ही कुठं! आमच्या अर्ध्या गावानं समुद्र बघितलेला नाय, आन् ज्यांनी बघितला त्यांनी चौपाटीवर भेळ खाल्ली आन् समुद्राकडं पाठ करून फोटो काढला. पण सरकारनं विचारलं आन् मोतीरामनं उत्तर दिलं. त्याची चूक एवढीच की त्यानं ते मनापासून दिलं.

मोतीराम माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. आई जाताना म्हणाली होती, याचं लग्न तेवढं तू कर. शहाण्णव साली आमचे मालक गेले, मला मूलबाळ नाय, तेव्हापासून तो माझ्याकडंच राहायला आला. एका सरकारी उपकार्यालयात कारकून होता. त्या कार्यालयाचं नाव तीनदा बदललं, काम मात्र तेच. अंगणात एक पत्र्याचं नळकांडं, त्यात किती पाऊस पडला ते रोज सकाळी साडेआठला मोजायचं आन् वहीत लिहायचं. पाऊस नसला तरी नळकांड्यात वाकून बघायचं, कारण तसा नियम. याच्याएवढं निरुपद्रवी काम दुनियेत दुसरं नसेल, असं मला तेव्हा वाटायचं.

मंग तिकडं पूर्वेच्या किनाऱ्यावर मोठं वादळ झालं, लय माणसं मेली आन् वरच्यांना जाग आली. वरच्यांना जाग आली की ते फॉर्म काढतात. दोन हजार साली एक फॉर्म सगळ्या जिल्ह्यांना गेला. त्यात सातवा रकाना असा होता: जिल्ह्याच्या किनाऱ्यालगत चक्रीवादळाची शक्यता, टक्क्यांत. मोतीरामनं सरळ लिहिलं, 'या जिल्ह्यास समुद्रकिनारा नाही.' पंधरा दिवसांनी फॉर्म परत. वर लाल शाईत शेरा, 'किनारा नसल्याबाबत सक्षम अधिकाऱ्याचा दाखला जोडावा.'

झालं! हा बाबा दाखला आणायला निघाला. तलाठ्याकडं गेला. तलाठी म्हणाला, गावात जे हाय त्याचा उतारा मी देतो. विहीर हाय, नाला हाय, बांध हाय, बांधावरचं आंब्याचं झाड हाय. जे नाय त्याचा उतारा कसा काढू? उद्या कोणी हत्ती नसल्याचा दाखला मागेल. मंग हा तहसिलीत गेला. तिथल्या अव्वल कारकुनानं नीट ऐकून घेतलं आन् म्हणाला, पंचनामा करावा लागेल. जिथं समुद्र नाय त्या जागेवर पाच पंच उभे करा, सह्या घ्या. फक्त नेमका कोणत्या जागेवर नाय, तो गट नंबर आधी लिहून आणा.

मोतीराम तीन महिने हिंडला. दाखला मिळाला नाय, आन् दाखला नाय म्हणजे नाशिकला किनारा हाय, असं वरच्यांनी धरून टाकलं. दर महिन्याच्या पाच तारखेला, आन् मधे वादळ उठलं तर त्याच दिवशी, सातवा रकाना भरून पायजे, असं पत्र आलं.

दुसरा कोणी असता तर त्यानं दर महिन्याला शून्य ठोकलं असतं आन् चहाला गेला असता. पण आमच्या घराण्यात एक खोड हाय, काम कितीही येड्यासारखं असलं तरी ते नीट करायचं. मोतीराम म्हणाला, शून्य खोटं होईल. डहाणूच्या अंगाला वादळ चढलं की त्याचं वारं-पाणी घाट चढून आपल्याकडं येतंच, मंग शून्य कसं लिहू? मी म्हटलं, अरे लिही ना, कोण बघतंय तुझा रकाना? तर म्हणे, मी बघतोय.

मंग काय, रोज संध्याकाळी वाचनालयात जाऊन जुने पेपर उपसायला लागला. अरबी समुद्रात कोणत्या महिन्यात वादळ उठलं, कुठं उठलं, कुठं वळलं, कुठं विरलं, सगळं वहीत. अशा अकरा वह्या झाल्या. वादळं वैशाखात आन् दिवाळीच्या पुढंमागं जास्त, बरीचशी गुजरातकडं नायतर पार ओमानकडं जातात, आपल्याकडं क्वचित, हे मला भाकरी थापता थापता पाठ झालं. रेडिओवर 'मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये' असं सांगितलं की हा ओट्यावर येऊन शेजाऱ्यांना सांगायचा. शेजारचा जीवन टमाट्याला पाणी भरत असायचा. तो मान डोलवून म्हणायचा, बरं, आज नाय जात.

त्याच्या सांगण्याची एक पद्धत होती. मी विचारायचे, वादळ येणार का नाय, एक काय ते बोल. तो म्हणायचा, अशी शंभर वेळ आली तर त्यातून तीन वेळा येईल. मी म्हणायचे, शंभर वेळा कोण जगतंय? मला या एका वेळेचं सांग. त्यावर तो एवढा दुःखी व्हायचा की मी परत भाकरी थापायला लागायचे.

पुढं त्यांच्या कार्यालयात नवे साहेब आले. हे आधी शिक्षण खात्यात होते. त्यांनी मोतीरामचे आकडे बघितले, दोन, तीन, सात, एक, आन् त्यांना वाईट वाटलं. एवढा अभ्यास करूनही वादळाला एवढे कमी मार्क! त्यांनी कार्यालयीन आदेश काढला, 'पस्तीस टक्के व त्यावरील शक्यता उत्तीर्ण समजावी. उत्तीर्ण वादळाबाबत निवारा केंद्र उघडावे. अनुत्तीर्ण वादळ दप्तरी दाखल करावे.' मोतीरामनं समजवायला बघितलं की साहेब, हे मार्क नसतात. साहेब म्हणाले, टक्के म्हटलं की पस्तीस आलेच.

एका वैशाखात तेहतीस झाले. सगळं कार्यालय श्वास धरून बसलं होतं म्हणे. शिपायानं मोतीरामला येऊन सांगितलं, वाईट वाटून घेऊ नका, दोनच मार्कांनी गेलं, पुढच्या खेपेला निघेल.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण त्या टक्क्यांनी माझ्या भावाच्या लग्नाचं वाटोळं केलं. त्याला सवयच लागली ना! घोटीचं स्थळ आलं होतं, भाताची शेती, माणसं चांगली. मुलीच्या मामानं रीतीप्रमाणं विचारलं, काही व्यसन वगैरे? हा म्हणतो, आजवर नाही, पुढे लागण्याची शक्यता एक टक्का. मामानं चहाचा कप खाली ठेवला तो ठेवलाच. मालेगावच्या स्थळाला मुलीच्या आईनं डोळ्यात पाणी आणून विचारलं, आमची पोर सुखात राहील ना हो? आता याला 'हो' म्हणायला काय धाड भरली होती? हा वर बघून विचार करायला लागला. चांगला पाच मिनिटं विचार केला. आन् म्हणाला, साधारण सत्तर. ते लोक गेले, आन् मी त्याला जे बोलले ते इथं सांगण्यासारखं नाय.

असं करत चाळिशी गाठली. जत्रेत, दशक्रियेला, कुठंही गेले तरी बाया विचारायच्या, मोतीरामचं काय झालं? आईला दिलेला शब्द मला रात्रंदिवस टोचायचा. देव्हाऱ्यापुढं बसले तरी तेच मनात.

मंग दोन हजार सहा-सातच्या सुमाराला नांदगावचं स्थळ आलं. मुलगी शुभांगी, पस्तिशीची, बालवाडीत शिकवायची. तिचे वडील निवृत्तीभाऊ, करडा माणूस, शब्दाला पक्का. स्टँडवरून मुलीकडं जाताना मी मोतीरामला रिक्षात दम भरला होता, आकडा तोंडातून निघाला तर याद राख. तर मुलीनंच विचारलं, लग्नानंतर मला नोकरी करू द्याल का? हा म्हणाला, माझ्याकडून शंभर, अक्काकडून पंचाऐंशी. मी डोळे मिटून घेतले. तेवढ्यात ती मुलगी म्हणाली, "पंचाऐंशी कशावरून काढले?"

आजपर्यंत त्याला कोणी 'कशावरून' विचारलं नव्हतं. साहेबांनी नाय, मी पण नाय. त्याचा चेहरा असा उजळला की काय सांगू! तासभर तो तिला सांगत बसला, ती ऐकत बसली, मधेच शंका पण काढायची. पोहे निवून गेले. परत स्टँडवर येताना मी रिक्षात रडले, आन् रिक्षावाल्याला म्हटलं, काय नाय दादा, जमलं.

तुळशीचं लग्न झालं की पुढच्या आठवड्यातला रविवार धरला. लग्न आमच्याकडं, घरामागच्या वावरात. तिथला झेंडू दिवाळीलाच निघून गेला होता, जागा मोकळी. लाल-पिवळ्या कापडाचा मांडव घातला, आचाऱ्यानं चूल मांडली. मी स्वतः तोरणं ओवली. मांडव बघून मलाच वाटलं, कुसाबाई, जिंकलीस बाई.

शुक्रवारी मोतीराम कार्यालयातून आला तो पायातल्या चपला न काढता ओट्यावरच बसला. समुद्रात वादळ उठलं होतं आन् आपल्या बाजूला तोंड करून होतं. त्यानं अकराच्या अकरा वह्या काढून बघितल्या होत्या. या दिवसांत, या जागेवर आजवर जी दहा वादळं उभी राहिली त्यातली चार आपल्याकडं वळली होती. त्यानं सातव्या रकान्यात चाळीस लिहिलं होतं. वादळ पास झालं होतं. आन् वळलं असतं तर ते नाशकाला पोचायची वेळ होती रविवारी दुपारी, म्हणजे अक्षतांच्या टायमाला.

कार्यालयात तर दिवाळी-शिमगा एकदमच. पास झाल्यामुळं निवारा केंद्र उघडणं आलं. साहेबांनी आमच्याच गावातली शाळा ताब्यात घेतली, सतरंज्या टाकल्या, पाण्याची टाकी आणली, 'चक्रीवादळ निवारा केंद्र' असा फलक लावला. पण निवाऱ्याला यायला कोणी तयार होईना. साहेबांनी दवंडी दिली, तर लोक म्हणाले, आमची घरं काय वाईट हायत? केंद्र रिकामं राहिलं तर वर काय तोंड दाखवू, म्हणून साहेब शाळेच्या पायरीवर डोकं धरून बसले होते.

शनिवारी दुपारी नांदगावची मंडळी हळदीला टेम्पोतून उतरली. गावात शिरताना त्यांनी फलक वाचला होता, आन् कोणीतरी त्यांना हेही सांगितलं होतं की हे वादळ नवरदेवानं काढलंय. निवृत्तीभाऊ मांडवात आले ते बसलेच नाय. उभ्यानंच म्हणाले, आमचे दोनशे पाहुणे, त्यात म्हातारे हायत, लेकुरवाळ्या हायत. जावयांनी चार लोकांत सांगावं की वादळ येणार नाय, मंग हळद लावू. नायतर असेच टेम्पोत बसतो. लग्न करायचं नसेल तर सरळ सांगावं, समुद्राला मधे कशाला घालता?

सगळा मांडव मोतीरामकडं बघायला लागला. मी त्याला हाताला धरून कणग्यांच्या खोलीत नेलं. त्याच्यापुढं हात जोडले, मोठी बहीण असून जोडले. म्हटलं, अरे साठ टक्के तर येणारच नाय, तुझंच गणित हाय. तीन शब्द बोल, वादळ येणार नाय. देवाला माहीत हाय तुझ्या मनात काय हाय ते. आईला मी काय तोंड दाखवू?

त्यानं माझे हात खाली केले. म्हणाला, "अक्का, दाजींच्या वेळी डॉक्टर म्हणाले, काही होणार नाय, घरी जाऊन जेवून या. आपण आलो. मला कोणी नुसतं पाच टक्के म्हटलं असतं ना, तरी मी तिथंच बसलो असतो."

दहा वर्षं आम्ही दोघं एका घरात राहिलो, पण त्या दिवसाबद्दल एक शब्द आम्ही कधी काढला नव्हता. मी पिठलं टाकलं होतं. त्याला दुसरी भाकरी वाढत होते. परत गेलो तर खाटेवरची चादर तोंडावर ओढलेली. मालक एकटे गेले, आन् आम्ही घरी जेवत होतो. म्हणजे हा येडा एवढी वर्षं सातवा रकाना भरत होता तो यासाठी. आन् मी हसत होते.

मी पदरानं तोंड पुसलं आन् मांडवात आले. निवृत्तीभाऊंना सगळं सांगितलं, लपवलं नाय. पिठल्याचं पण सांगितलं. म्हटलं, भाऊ, माझा भाऊ तुमच्या पोरीला गोड वाटावं म्हणून काही बोलणार नाय. चाळीस असलं तर चाळीसच म्हणेल. असा माणूस नको असेल तर टेम्पो दारात हाय. निवृत्तीभाऊंनी टेम्पोकडं मान वळवली. शुभांगी टेम्पोतून खाली उतरून पिशव्या काढायलाच लागली होती. तिच्याकडं बघून ते मला म्हणाले, "पण मांडवात नको. चाळीस लय झाले."

मी तशीच शाळेत गेले. साहेब पायरीवरच होते. म्हटलं, साहेब, तुम्हाला निवाऱ्याला माणसं पायजेत ना? उद्या किती देऊ बोला. साहेबांनी माझे पाय धरायचेच बाकी ठेवले होते.

रविवार उजाडला. आता काय सांगू तुम्हाला, असं ऊन पडलं, असं ऊन! आभाळात औषधाला ढग नाय. झाडाचं पान हालत नाय. वादळ रात्रीतून वळलं आन् दूर गुजरातच्या बाजूला समुद्रातच विरलं, असं सकाळी रेडिओनं सांगितलं. पण केंद्र एकदा उघडलं की चोवीस तास बंद करता येत नाय, आन् आचाऱ्यानं चूल पण शाळेत हलवली होती. मंग लग्न शाळेतच लागलं, खिडक्या बंद करून, कारण वादळात खिडक्या बंद ठेवाव्यात असा नियम.

दाराशी शिपाई रजिस्टर घेऊन बसलेला. येईल त्या पाहुण्याला विचारायचा, नाव, वय, मूळ ठिकाण, कोणत्या आपत्तीतून सुटका. भटजींचं नाव लिहिलं, वाजंत्र्यांचं लिहिलं. नांदगावच्या एका म्हातारीनं विचारलं, कसली सुटका रे बाबा? तो म्हणाला, चक्रीवादळ. तिनं उन्हाकडं हात करून त्याला जी शिवी दिली तीही शेऱ्यात मावली असती तर त्यानं लिहिली असती. नवरा-नवरीला पण आधी नोंद केल्याशिवाय आत सोडलं नाय. संध्याकाळपर्यंत तीनशे बारा जण झाले. पुढच्या महिन्यात साहेबांना वरून अभिनंदनाचं पत्र आलं की किनारपट्टीवरचे तीनशे बारा लोक वेळेत हलवले.

आत घामाच्या धारा लागल्या होत्या. पाहुणे मोतीरामला नावं ठेवत होते, चाळीस टक्के म्हणे, कुठं गेले चाळीस? जीवन तर म्हणाला, आज मासे धरायला गेलो असतो तरी चाललं असतं. एरवी मी एकेकाला फैलावर घेतलं असतं. पण मला राग येईना. मी गुपचूप एका खिडकीची झडप थोडी उघडली. समोर आमचं वावर, त्यात लाल-पिवळा मांडव रिकामा उभा, त्याच्यावर स्वच्छ ऊन. काही झालं नव्हतं. खरंच काही झालं नव्हतं, आन् आम्ही सगळेच्या सगळे जागेवर होतो. मला रडू फुटलं. लोकांना वाटलं, मांडव वाया गेला म्हणून रडते.

अक्षता पडल्या. पंगत बसली. वाढपी मला दोनदा बोलवायला आला, अक्का, चला, निवतंय. मोतीराम आन् शुभांगी सतरंजीवर बसले होते, मी त्यांच्या मागं बसले होते. म्हटलं, तुम्ही जेवून घ्या रे. मला इथून उठायचं नाय.